कुंपणाचा खांब

मराठी भाषेत कुंपणावरून आलेल्या म्हणी पुष्कळ आहेत. 'कुंपणच शेत खाऊ लागले, तर दाद कोणाकडे मागावी?' असे आपण म्हणतो; 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' असेही म्हणतो. परंतु ज्या खांबांच्या बळावर कुंपण उभे असते, त्यांची आठवण कोणी काढीत नाही. तारेचे काटे कपड्यांत अडकतात, म्हणून तार ध्यानात राहते. खांब मात्र मुकाट्याने उभा असतो, आणि मुकाट्याने उभ्या असलेल्याची विचारपूस करावयास आपण सहसा विसरतो. माझ्या बालपणी या विसराळूपणाची किंमत एका मुक्या जिवाला द्यावी लागली. ती हकीकत प्रथम सांगतो.

मराठवाड्यातील एका लहानशा खेड्यात आमचे शेत होते. शेताच्या दोन बाजूंना दगडी बांध होता, आणि उरलेल्या दोन बाजूंना बाभळीचे खांब रोवून काटेरी तार ओढलेली होती. दर दहा फुटांवर एक खांब होता. उन्हाळ्याच्या अखेरीस, नांगरट आटोपली म्हणजे, वडील कुंपणाची पाहणी करीत. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. १९७२ साली मी बारा वर्षांचा होतो. त्या वर्षी अण्णांनी पाहणीचे काम माझ्यावर सोपविले. ते म्हणाले, "प्रत्येक खांबाला हात लाव, हलवून पाहा आणि मग मला सांग."

मी गेलो खरा. पण ऊन कडक होते, आणि विहिरीवर माझे सवंगडी पोहत होते. लिंबाच्या सावलीत उभे राहून मी दुरूनच खांब मोजले आणि घरी येऊन सांगितले, "सगळे खांब उभे आहेत." माझे बोलणे खोटे नव्हते. खांब खरोखरच उभे होते. परंतु अण्णांनी मला जे विचारले होते, त्याचे ते उत्तर नव्हते.

त्या वर्षी महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. मृगाच्या सरींवर आमच्या गावात ज्वारीची पेरणी झाली, कोंब वर आले, आणि मग पावसाने दडी मारली. हात-दीड हात वाढलेली ज्वारी उन्हाने माना टाकू लागली. रानात गवताची काडी उरली नाही. आमच्या शेजारच्या शेताच्या मालकीणबाई विधवा होत्या. आम्ही मुले त्यांना काकू म्हणत असू. त्या दुष्काळी कामावर खडी फोडावयास जात. त्यांच्याजवळ एकच गाय होती, आणि तिच्या दुधावर त्यांच्या दोन लेकरांचे पोट चाले. एके दिवशी दुपारी दावे तोडून ती भुकेली गाय आमच्या कुंपणाशी आली. हिरवी ज्वारी पाहून तिने तारेला छातीने रेटा दिला. एक खांब मुळाशीच कडकन मोडला, तार लोळली आणि गाय आत शिरली.

आम्ही पोहोचलो, तेव्हा ती जेमतेम दोन सरी चरली असेल. अण्णांनी तिला हाकलून बाहेर काढले. पण थोड्याच वेळात ती धापा टाकू लागली, तिच्या तोंडाला फेस आला, पाय लटपटले आणि ती आडवी झाली. जनावरांचा दवाखाना तालुक्याच्या गावी, तीन कोसांवर होता. माणूस सायकलीवरून निघाला. परंतु तो परत येण्यापूर्वीच गाईने प्राण सोडला.

कोवळ्या ज्वारीत एक द्रव्य असते. त्यापासून जनावराच्या पोटात हायड्रोसायनिक आम्ल नावाचे जहाल विष तयार होते. पावसाअभावी पीक सुकू लागले, म्हणजे धोका अधिक वाढतो. पीक वाढून फुलोऱ्यावर आले, की हे विष कमी होत जाते. म्हणूनच वाळलेला कडबा जनावरे निर्धास्तपणे खातात. पशुवैद्य वेळेवर मिळाला, तर सुईतून औषध देऊन असे जनावर वाचविताही येते. त्या दिवशी आम्हांला वेळ मिळाला नाही. कुंपण हे जनावरापासून पिकाचे रक्षण करण्यासाठी असते, असे मी समजत होतो. ते पिकापासून जनावराचेही रक्षण करते, हे मला त्या दुपारी कळले.

सायंकाळी मी अण्णांजवळ माझी चूक कबूल केली. ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गोठ्यातील, पुढे दुभती होणारी कालवड घेऊन ते काकूंच्या दारी गेले. काकू डोळे पुसत म्हणाल्या, "मुक्या जनावराला बांध कळत नाही, भाऊजी. तुमचा काय दोष?"

"माणसाला कळतो, वहिनी, म्हणून कुंपण नीट ठेवायचे काम माणसाचे असते," असे म्हणून अण्णांनी दावे त्यांच्या हाती दिले. परतताना ते मला म्हणाले, "चल, आता खांब बघू."

आम्ही त्या मोडलेल्या खांबापाशी गेलो. वरून तो धडधाकट होता. कुऱ्हाड मारली असती, तर ती उडून आली असती. परंतु जमिनीलगतचा वीतभर भाग हाताने चुरगळावा इतका भुसभुशीत झाला होता; आणि नवल असे की, जमिनीत दोन फूट खोल गाडलेले टोक पुष्कळसे शाबूत होते. गावचे सुतारमामा आमच्याबरोबर होते. ते म्हणाले, "अण्णा, हा खांब दोन वर्षांपूर्वीच गेला असणार. खांबाने तार धरायची. इथे तारेनेच खांब धरून ठेवला होता." म्हणजे शेजारचे बरे खांब आपल्या तारेने त्या कुजलेल्या खांबाला सावरून होते, आणि मी दुरून पाहून 'उभा आहे' असे म्हणालो होतो.

लाकूड नेमके जमिनीलगतच का कुजते? लाकूड कुजविण्याचे काम बुरशी करते. तिला जगण्यासाठी अन्न, ओलावा, हवा आणि ऊब या चार गोष्टी लागतात. अन्न म्हणजे लाकूडच. जमिनीच्या वर हवा भरपूर असते. पण ऊनवाऱ्याने लाकूड वाळून जाते, त्यामुळे ओलावा पुरत नाही. जमिनीत खोल ओलावा असतो. पण हवा पुरेशी पोहोचत नाही. जमिनीच्या पृष्ठभागापाशी मात्र चारही गोष्टी एकत्र मिळतात. म्हणून खांबाचा घात तेथेच होतो. इटलीतील व्हेनिस शहराच्या अनेक जुन्या इमारती चिखलात ठोकलेल्या लाकडी खुंटांवर शतकानुशतके उभ्या आहेत, याचेही मुख्य कारण हेच. ते खुंट सदैव पाण्याखाली आणि गाळात असल्यामुळे बुरशीला लागणारी हवा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

बुरशीच्या जोडीला आपल्याकडे वाळवी असते. ती उजेड टाळून मातीच्या नळ्यांतून चालते आणि वरचा पापुद्रा तसाच ठेवून लाकूड आतून पोखरते. म्हणून खांबाची परीक्षा केवळ डोळ्यांनी करता येत नाही. तो हलवून पाहावा. त्यावर हातोडीने ठोकावे. भरीव लाकडाचा आवाज खणखणीत येतो, पोकळ लाकडाचा भदभदीत. शेवटी बुंध्याशी चार बोटे माती उकरावी आणि अणकुचीदार सळईने लाकूड टोचावे. सळई सहज आत शिरली, तर तो खांब बदलण्याची वेळ आली असे समजावे. त्या दिवशी आम्ही याप्रमाणे सर्व खांब तपासले. त्यांपैकी नऊ खांब कुजलेले निघाले. मी 'उभे' म्हणून मोजलेल्यांतच ते होते.

कुजलेला खांब काढणे हे वाटते तितके सोपे नसते. प्रथम त्यावरील तार सोडवावी लागते. ताणलेली काटेरी तार सुटताच उसळून अंगावर येते. म्हणून हे काम मोठ्या माणसाने, हातांत जाड मोजे घालून आणि तोंड बाजूला ठेवूनच करावे. एका वेळी एकच खांब काढावा. नऊही खांब एकदम उपटले, तर कुंपणाची रेषा हरवते आणि रात्री शेत उघडे पडते.

खांब मोडलेला नसेल, तर तो हलवून उपटण्याचा मोह होतो. सुतारमामांनी मला तसे करू दिले नाही. आदल्या संध्याकाळी त्यांनी खांबाभोवती दोन घागरी पाणी ओतून माती मऊ केली होती. नंतर त्यांनी बुंध्याला साखळीचे दोन वेढे देऊन तिची एक कडी मोकळी ठेवली. खांबापासून सहा इंचांवर एक मोठा दगड ठेवला. त्या दगडावर साडेपाच फुटांची पहार टेकविली आणि तिचे टोक साखळीच्या कडीत अडकविले. मग मला म्हणाले, "हं, आता दुसऱ्या टोकावर ओणवा हो."

मी छातीचा भार पहारेवर टाकला, आणि चार माणसांना न हललेला तो खांब बोटभर वर आला! दगडापासून साखळीपर्यंतचे अंतर अर्धा फूट होते, आणि माझ्यापर्यंतचे पाच फूट, म्हणजे दहापट. त्यामुळे माझ्या तीस किलो वजनाने खांबावर सुमारे तीनशे किलो वजनाइतका जोर पडला. हीच तरफ. तिचा नियम ग्रीक गणिती आर्किमिडीज याने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिद्ध केला. मी तो शाळेत पाठ केला होता. पण तो मला समजला, तो त्या पहारेच्या टोकावर. खांब थोडा उचलला की साखळी खाली सरकवावयाची आणि पुन्हा भार द्यावयाचा, असे पाच-सहा वेळा करताच तो सुटून आला.

जो खांब जमिनीलगत मोडला होता, त्याच्या खुंटाला साखळी बांधता येईना. तेव्हा त्याच्या एका बाजूने खड्डा खणून, पहारेने तो त्या बाजूस पाडून काढावा लागला. मी विचारले, "मामा, खुंट जमिनीत राहिला तर काय बिघडते?" ते म्हणाले, "जुना खुंट ठेवणे म्हणजे वाळवीला घरात ठेवून दार लावणे." कुजलेली लाकडे आम्ही कुंपणापासून दूर नेऊन टाकली.

नव्या खांबांसाठी अण्णांनी या खेपेस लाकूड निवडून आणले. झाडाच्या बुंध्यात दोन प्रकारचे लाकूड असते. सालीजवळचे फिकट लाकूड लवकर कुजते. आतील गडद रंगाचा गाभा अधिक टिकतो. साग, खैर, अंजन यांसारख्या झाडांचा गाभा तर विशेष टिकाऊ असतो. आमचे जुने खांब कोवळ्या बाभळीचे होते. त्यांत गाभा थोडा आणि वरचे फिकट लाकूड फार. शिवाय ते ओलेच आणि सालीसकट रोवलेले होते. नवे सागाचे खांब मामांनी वाकसाने तासून सोलले आणि सावलीत वाळविले. पावसाचे पाणी साचू नये म्हणून त्यांचा माथा तिरपा कापला, आणि बुडाकडील टोकापासून जमिनीवर एक वीत येईल इतक्या भागाला डांबराचे दोन हात दिले. कापलेले टोक स्पंजाप्रमाणे पाणी शोषते, म्हणून तेथे तर अधिकच काळजी घेतली. खांबाचे बूड जाळून काळे करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. परंतु त्याने फारसे संरक्षण मिळत नाही, असे प्रयोगांवरून दिसून आले आहे.

लाकूड टिकविण्याच्या शास्त्रात एका भारतीयाचे नाव मोठे आहे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ सोंटी कामेसम यांनी १९३३ साली तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या संयुगांचे एक मिश्रण तयार केले. ते लाकडात मुरविले म्हणजे बुरशी आणि वाळवी या दोघींपासूनही लाकडाचे रक्षण होते. पुढे ही पद्धत जगभर पसरली आणि असंख्य खांब तिच्यामुळे दीर्घकाळ टिकले. तथापि आर्सेनिक हे विष आहे. म्हणून अमेरिकेत २००३ सालच्या अखेरीपासून राहत्या घरांसाठी लागणाऱ्या बहुतेक लाकडांवर या मिश्रणाचा वापर थांबविण्यात आला. असे लाकूड चुलीत कधीही जाळू नये. आज पुष्कळ शेतकरी सिमेंटचे किंवा लोखंडी खांब वापरतात. ते कुजत नाहीत हे खरे; पण लोखंड गंजते, आणि सिमेंटला तडा जातो. पाहणी कोणालाच चुकत नाही.

खांब रोवणे हे काढण्याहूनही नाजूक काम आहे. सात फुटांच्या खांबासाठी आम्ही सव्वादोन फूट खोल खड्डा घेतला. आमची जमीन काळी. ही माती पावसाळ्यात फुगते, आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात; त्यामुळे तिच्यात रोवलेला खांब दरवर्षी थोडाथोडा सैल होत जातो. म्हणून अण्णांनी खड्ड्यातील काळी माती बाजूला काढली आणि गाडीभर मुरूम आणविला. तळाशी खडीचा थर दिला, म्हणजे पाणी खाली निघून जाईल. दोन बऱ्या खांबांमध्ये सुतळी ताणून रेषा धरली. खांब उभा करून मामांनी ओळंबा लावला, एकदा समोरून आणि एकदा बाजूने. कारण समोरून सरळ दिसणारा खांब बाजूने पाहिले असता कललेला असू शकतो.

मग मुरूम आणि दगड भरावयास आरंभ झाला. मी घमेल्यामागून घमेले ओतू लागलो, तेव्हा मामांनी मला थांबविले. "खड्डा भरायचा नसतो, ठासायचा असतो," ते म्हणाले. अर्धा फूट थर घालावयाचा, धुम्मसाने चहूबाजूंनी ठोकावयाचा, आणि तो दगडासारखा झाला म्हणजेच पुढचा थर घालावयाचा. शेवटी बुंध्याशी मातीचा लहानसा उंचवटा केला, म्हणजे पावसाचे पाणी तेथे न साचता दूर वाहून जावे. कोपऱ्यातील खांबाला दोन्ही दिशांच्या तारेची ओढ असते. म्हणून तो अधिक जाड निवडला, अधिक खोल रोवला आणि त्याला आतून तिरपा टेका दिला.

तार खांबाच्या कोणत्या बाजूस लावावी, यातही विचार आहे. जनावरे ज्या बाजूने रेटा देतील, त्या बाजूस ती लावावी; म्हणजे तो भार खांबावर येतो. उलट बाजूस लावली, तर तो भार केवळ खिळ्यांवर पडतो आणि खिळे निघून येतात.

नऊ खांब बदलावयास आम्हांला सहा दिवस लागले. माझ्या हातांना फोड आले. सहाव्या दिवशी सायंकाळी काकू कामावरून परतताना बांधावर थांबल्या. त्यांनी एका नव्या खांबाला हात लावला आणि तो हलवून पाहिला. तो हलला नाही. त्या काही बोलल्या नाहीत. डोक्यावरची पाटी सावरून पुढे निघून गेल्या. मला मिळालेले हेच प्रमाणपत्र. पुढे शाळेत आणि नोकरीत पुष्कळ प्रमाणपत्रे मिळाली. पण या एकाचा विसर पडला नाही.

त्या गोष्टीला आता पन्नासांहून अधिक वर्षे झाली. आम्ही तेव्हा रोवलेले खांबही अमर नव्हते. त्यांतील बहुतेक मी नंतर स्वतः बदलले आहेत. मी शिक्षक झालो, मुख्याध्यापक झालो, सेवानिवृत्तही झालो. परंतु दर उन्हाळ्यात नातवंडांना बरोबर घेऊन मी कुंपणाची फेरी चुकविली नाही. मुले पुढे धावतात आणि दुरूनच ओरडतात, "आजोबा, सगळे खांब उभे आहेत!"

मी त्यांना रागे भरत नाही. पहिल्या खांबापाशी थांबून एवढेच सांगतो, "या, हात लावून पाहा."

अभ्यास

१. 'सगळे खांब उभे आहेत' हे लेखकाचे उत्तर खोटे नसूनही चुकीचे का ठरले?
२. 'खांबाने तार धरायची. इथे तारेनेच खांब धरून ठेवला होता,' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. लाकूड जमिनीलगतच लवकर का कुजते, ते तुमच्या शब्दांत सांगा.
४. काळ्या मातीत खांब रोवताना अण्णांनी कोणती काळजी घेतली? का?
५. अण्णांनी काकूंना कालवड का दिली? तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केले असते?
६. पुढील शब्दसमूह वाक्यांत योजा : दडी मारणे, माना टाकणे, धापा टाकणे, रागे भरणे.
७. तरफेच्या तत्त्वावर चालणाऱ्या तुमच्या घरातील किंवा शेतातील तीन वस्तूंची नावे लिहा.
८. आपल्या शाळेच्या किंवा शेताच्या कुंपणाची मोठ्या माणसांबरोबर पाहणी करा आणि दहा ओळींत टिपण लिहा.